बिल्डर लहान घरं का बांधत नाही?

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेच्या हद्दीत नव्या स्कीममध्ये फक्त मोठे फ्लॅट निघतात. शिक्षक, दुकानातली मुलं, सफाई कामगार एकाच सोसायटीत राहतील अशी घरं बिल्डरांनी बांधावीत, यासाठी काय करावं? (एक नगरसेविका)

उत्तर : ताई, ४,००० चौ. मी. व त्याहून मोठ्या भूखंडावर २० टक्के वाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटांच्या घरांसाठी ठेवण्याचं बंधन राज्याच्या २०२० च्या नियमावलीत आहे; पण ते मुळात दहा लाखांवर लोकवस्तीच्या महापालिकांपुरतं आणलं गेलं. तुमच्याकडे सक्ती नसेल, तर बिल्डरचा हिशोब बसवून द्यावा लागेल.

हिशोब अडतो तो जमिनीपाशी. नगरपरिषदेची स्वतःची जागा असेल तर निविदा काढा, आणि जास्त पैसे देणाऱ्याऐवजी जास्त लहान घरं देणाऱ्याला काम द्या. जागा खासगी असेल तर पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन भूखंडाच्या तोंडाशी नेऊन द्या. महानगरांबाहेर ९० चौ. मी. चटईक्षेत्रापर्यंतच्या आणि ४५ लाखांपर्यंतच्या घराला जीएसटी एकच टक्का लागतो. लहान गावात मध्यमवर्गीय फ्लॅटही त्यात बसतो, हे बिल्डरला जरूर दाखवा.

एक अट मात्र सोडू नका. लहान घरं मागे नाल्याकडे, वेगळ्या फाटकाची, असं होऊ देऊ नका. जिना एक, फाटक एक, आणि मेंटेनन्स चौरस फुटावर. नाहीतर वर्षभरात मध्ये भिंत उभी राहते. या अटी निविदेतच, आणि जागा खासगी असेल तर मंजुरीआधी, लिहून घ्या. मंजुरीनंतर कोणी ऐकत नाही.