शरद ऋतूतील वनविहार : पथ्य केव्हा, अपथ्य केव्हा?
(चिंचणी–जव्हार परिसराच्या संदर्भात)

प्रास्ताविक

वैद्य व्यवस्थापत्र लिहितो तेव्हा औषधाची मात्रा, अनुपान व काल हे तिन्ही काळजीपूर्वक नोंदवितो. आहाराविषयीही चार ओळी लिहितो. विहाराची पाळी आली की मात्र ‘हवापालट करावा’, ‘मोकळ्या हवेत फिरावे’ एवढ्यावर लेखणी थांबते. आम्हीही अनेक वर्षे असेच करीत आलो. परंतु ऋतुचर्येच्या अध्यायात शरद ऋतूतील विहार ज्या बारकाईने सांगितला आहे, तो पाहता हे पुरेसे नाही, असे आता अनुभवान्ती वाटते. शरदातील सहल ही स्वतः पथ्यही नव्हे आणि अपथ्यही नव्हे. काल, देश व मात्रा यांवरून ती एक किंवा दुसरे ठरते. प्रस्तुत लेखात एवढाच विषय मांडावयाचा आहे.

ऋतूचा निर्णय

सामान्यतः आश्विन व कार्तिक हे शरदाचे मास मानले जातात. सुश्रुताचार्यांनी दोषांच्या संचय-प्रकोपाच्या दृष्टीने जी दुसरी ऋतुगणना दिली आहे, तीत कार्तिक-मार्गशीर्ष हा शरद होतो. म्हणजे पंचांगाइतकेच आकाशाकडेही पाहावे लागते. भारतीय हवामान खात्याने २०२० साली मोसमी पावसाच्या परतीच्या तारखा सुधारल्या. त्यात मुंबईसाठी २९ सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबर ही तारीख आली. आपला पालघर किनारा मुंबईच्या उत्तरेस अगदी जवळ असल्याने आपल्याकडेही शरदाची लक्षणे ऑक्टोबरच्या पूर्वार्धातच स्पष्ट होतात: निरभ्र आकाश, दुपारचे तीक्ष्ण ऊन, पहाटेचे दव आणि वाळू लागलेला चिखल. सुश्रुताचार्यांनी शरदाच्या वर्णनात उल्लेखिलेली काश व सप्तपर्ण ही दोन्ही चिन्हे आपल्या तालुक्यांतून डोळ्यांनी पाहावयास मिळतात. ओढ्याकाठी काशाचे पांढरे तुरे डोलू लागतात आणि सातविणीचा गंध रात्री दूरवर पसरतो. सप्तपर्णास ‘शारद’ हा पर्याय उगाच मिळालेला नाही.

दोषावस्था

वर्षा ऋतूत शीताची सवय झालेल्या शरीरावर एकाएकी सूर्यकिरणांचा ताप होतो व संचित पित्त प्रकुपित होते, ही संप्राप्ती सर्वांना ज्ञात आहे. शीतपित्त, अम्लपित्त, मुखपाक, नासागत रक्तपित्त व ज्वर यांचे रुग्ण या दिवसांत वाढतात, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. येथे दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्यात. पहिली, चरकाचार्यांच्या मते शरदातील बल मध्यम असते, उत्तम नव्हे. दुसरी, वाग्भटाचार्यांनी अर्धशक्ती व्यायाम शीतकाल व वसंत यांत सांगितला असून अन्य ऋतूंत तो त्याहूनही मंद असावा, असे म्हटले आहे. पाऊस थांबताच गडकोटांवर चढाई करण्याचा जो उत्साह येतो, त्याला हे वचन सरळ लागू पडते.

एक रुग्ण, दोन शरद

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारा ४१ वर्षांचा एक पुरुष रुग्ण दर वर्षी आश्विनात शीतपित्त व अम्लपित्त घेऊन आमच्याकडे येत असे. एका वर्षी अविपत्तिकर चूर्ण व कामदुधा देऊन आम्ही त्यास म्हणालो, “दोन दिवस डोंगरावर जाऊन या, बरे वाटेल.” रुग्ण आज्ञाधारक होता. रात्रपाळी संपवून, न झोपता, मित्रांसह तो मेंढवण खिंडीजवळच्या अशेरीगडावर गेला. चढाई सुरू झाली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. वाटेत तळलेले बोंबील व दहीभात झाला. माथ्यावर दुपारी दोन तास झोप झाली आणि रात्री दव पडत असताना दुचाकीवरून परतणे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी नाकातून रक्तस्राव, वमन व सर्वांगावर गांधी, अशा अवस्थेत तो आमच्यापुढे बसला होता.

रक्तदाब प्राकृत होता आणि उपचाराने रक्त थांबले. मात्र इतिवृत्त लिहिताना आमचा हात अडखळला. आतप, दधि, औदक मांस, दिवास्वप्न व अवश्याय अशी शरदातील वर्ज्यांची जणू पूर्ण यादीच त्याने एका दिवसात सेवन केली होती, आणि तीही आमच्या सांगण्यावरून. दोष रुग्णाचा नव्हता. आम्ही औषधाचा काल सांगितला होता, विहाराचा नव्हता.

पुढील वर्षी आम्ही ऋतुसंधीतच, म्हणजे मागील ऋतूचे शेवटचे व पुढील ऋतूचे पहिले सात दिवस या काळात, त्यास बोलावले. तिक्त घृत देऊन मृदू विरेचन केले व नंतर विहाराचा स्वतंत्र कागद लिहून दिला. त्या शरदात गांधी दोन वेळा व सौम्य उठल्या; रक्तस्राव झाला नाही. याचे श्रेय विहारास किती व शोधनास किती, हे एका रुग्णावरून सांगता येणार नाही. परंतु मागील वर्षीची हानी टळली, एवढे निश्चित म्हणता येईल.

विहाराचा कागद : त्यात काय लिहावे?

*१. किनारा व चांदणे.* शास्त्राने चंद्रकिरणांचे सेवन सांगितले आहे ते प्रदोषकाळी, रात्रीच्या आरंभी, मध्यरात्रीपर्यंत नव्हे. चिंचणीच्या किनाऱ्यावर याचे कारण सहज समजते. सायंकाळी वारा समुद्रावरून, पश्चिमेकडून येतो. रात्र चढत जाते तसा तो मंदावतो आणि उत्तररात्री जमिनीवरून, म्हणजे पूर्वेकडून वाहू लागतो. त्याच सुमारास दवही पडते. शरदात प्राग्वात व तुषार दोन्ही वर्ज्य आहेत. म्हणून सुरूच्या बनालगत सूर्यास्तापासून सुमारे दोन तास बसावे, अंगावर स्वच्छ, हलकी, सुती वस्त्रे असावीत, जवळ मोगऱ्याचा किंवा निशिगंधाचा गजरा असावा. खर्च काहीच नाही, आणि तरीही ही चिकित्साच आहे.

*२. कोजागिरी.* आश्विन पौर्णिमेचे जागरण व आटीव दूध ही आपली रूढी आहे. ती मोडावी असे आम्ही म्हणत नाही. दूध मधुर व शीत असल्याने पित्तास हितकर आहे. अपाय होतो तो भेळ, भजी व भरपेट जेवणावर मध्यरात्री दोन पेले दूध घेतल्याने. शरदात सौहित्य, म्हणजे आकंठ तृप्ती, स्पष्टपणे निषिद्ध आहे. सायंकाळचे जेवण हलके ठेवावे किंवा टाळावे, भूक लागल्यावर अर्धा पेला कोमट दूध घ्यावे व छपराखाली झोपावे. त्या रात्री मासे व दूध एकत्र येणार नाहीत, हेही किनाऱ्यावरील कुटुंबांस आवर्जून सांगावे.

*३. माळ व डोंगर.* जव्हारचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज जेथे थांबले असे सांगतात, तो शिरपामाळ तेथेच आहे. या दिवसांत माळावर गवत पिवळसर होऊ लागते, उतारावरच्या खाचरांत नागली व वरई तयार होत असते. सूर्योदयाच्या सुमारास फिरण्यास आरंभ करावा, नऊ वाजता सावली गाठावी, आणि पुन्हा बाहेर पडणे चार वाजल्यानंतर. चढ असा निवडावा की बोलताना दम लागू नये. रात्रपाळी करणाऱ्यांसाठी वाग्भटाचार्यांचा नियम उपयुक्त आहे: जितका वेळ जागरण झाले त्याच्या निम्मा वेळ सकाळी, जेवणापूर्वी झोपावे. सहल त्यानंतर, शक्यतो दुसऱ्या दिवशी.

*४. आवळी-भोजन.* कार्तिक शुद्ध नवमीपासून पौर्णिमेपर्यंत आवळ्याच्या झाडाखाली जेवण्याची चाल आपल्याकडे आहे. वाग्भटाचार्यांच्या शरद-आहारात शाली, मूग, शर्करा, आमलकी, पडवळ, मध यांचा उल्लेख येतो. आवळी-भोजनाचे ताट त्याच्याशी सहज जुळते: जुन्या तांदळाचा भात, मुगाचे वरण व तूप, पडवळाची भाजी, आवळ्याचे गोड लोणचे. दह्याऐवजी आवळ्याचे सार चालते. शास्त्र, रूढी व आनंद अशा एका ठिकाणी क्वचितच भेटतात. आपल्या संघटनेच्या सभासदांनी कार्तिकात रुग्णपरिवारांसह असा एक दिवस अवश्य योजावा.

मासे हा आपल्या किनाऱ्याचा नित्य आहार आहे. तो एकाएकी बंद करणे सात्म्याच्या विरुद्ध जाते. पादांशिक क्रमाने प्रमाण उतरवावे. तळलेले व खारविलेले आधी थांबवावे.

हंसोदक आणि आजचे पाणी

दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने शीतल झालेले व अगस्त्याच्या उदयाने निर्विष झालेले जल म्हणजे हंसोदक. अगस्त्याचा तारा ऑक्टोबरच्या पहाटे दक्षिण क्षितिजाच्या थोडा वर ठळक दिसतो. तो मुलांस अवश्य दाखवावा. परंतु या वर्णनाच्या आधारे ओढ्याचे पाणी जसेच्या तसे पिण्याचा सल्ला आज देता येणार नाही. पावसानंतरचे उघडे पाणी उकळूनच प्यावे. औद्योगिक परिसरातील नाल्यांचे पाणी तर उकळूनही वापरू नये, कारण रासायनिक अंश उकळल्याने जात नाहीत. घरातून आणलेले, वाळ्याची जुडी घातलेले शुद्ध पाणी हेच सहलीतील हंसोदक समजावे.

सावधानता

गवतकापणीच्या दिवसांत माळावर फुरसे, घोणस यांचा संचार असतो. दंश झाल्यास घट्ट बांधणे, चिरणे, चोखणे यांपैकी काहीही न करता अवयव स्थिर ठेवून प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात तात्काळ पाठवावे. सहलीनंतर दोन आठवड्यांत तीव्र ज्वर आल्यास त्यास केवळ शारद ज्वर समजून थांबू नये. पोटऱ्यांत वेदना व डोळ्यांत लाली, त्वचेवर काळी खपली, अथवा रक्तस्रावाचे ठिपके आढळल्यास लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस व डेंग्यू यांच्या तपासण्या करून वेळीच पुढे पाठविणे हे वैद्याचे कर्तव्य आहे. सातविणीच्या गंधाने काही श्वासरुग्णांस त्रास होतो. त्यांस त्या झाडाखाली बसवू नये.

औषधी विक्रेत्या बंधूंसाठी

आश्विनात आपल्या दुकानी अविपत्तिकर, कामदुधा व गुलकंद यांची मागणी वाढते. त्या पुडीसोबत विहाराचे चार ओळींचे पत्रक दिल्यास औषधाचे कार्य सुकर होईल. दुसरी गोष्ट, चरकाचार्यांनी त्वक्, कंद व क्षीर यांचा संग्रहकाल शरद सांगितला आहे. सहलीच्या निमित्ताने वनस्पती जागेवर ओळखण्याचा अभ्यास जरूर करावा. परंतु झाडाची साल गोलाकार काढली की ते झाड वाळते. संग्रह करावयाचा तर वन विभागाच्या अनुमतीने व झाड जगेल अशा बेतानेच करावा.

समारोप

शरदातील सुखे साधी आहेत: प्रदोषाचे चांदणे, सकाळचा माळ, आवळ्याची सावली, भूक लागल्यावरचे हलके अन्न. त्यांस द्रव्य लागत नाही, पण काल व मात्रा लागते, आणि ती सांगणे हे आपले काम आहे. यापुढे ‘हवापालट करावा’ असे लिहिताना कोठे, केव्हा, किती व काय टाळून, ही चार उत्तरे त्याच कागदावर लिहावीत, एवढीच सर्व वैद्यबंधू-भगिनींना विनंती. ही उत्तरे न लिहिल्याचा परिणाम आम्ही एका सकाळी आमच्याच चिकित्सालयात पाहिला आहे.