डबा बदलायच्या आधी

हे बघ, अजून नवा डबा आणू नकोस. मेडिकलवाला म्हणाला, शेजारच्या वहिनी म्हणाल्या, जाऊबाईंच्या लेकीला तोच मानवला, सगळं खरं असेल. पण यातल्या एकानं तरी तुझ्या लेकाला पाहिलंय का? मला आधी एवढंच सांग, दूध टाकलं की तो रडतो, की लगेच पाय झाडत हसायला लागतो?

हसतो ना? मग जरा श्वास घे. तीन महिन्यांचं बाळ दूध टाकणारच गं. अन्ननलिका आणि पोट यांच्यामधली झडप या वयात सैल असते, पोट इवलंसं, खाणं सगळं पातळ आणि बाळ दिवसभर आडवं. या वयाची जवळजवळ निम्मी बाळं रोज थोडंफार दूध बाहेर काढतात. बसायला लागली, घट्ट खायला लागली की ते कमी होत जातं, आणि बहुतेकांचं वर्षाच्या आतबाहेर थांबतं. तुला ते वाटीभर वाटतं, माहीत आहे मला. एकदा दोन चमचे पाणी मोजून जुन्या दुपट्यावर ओत आणि डाग केवढा पडतो ते बघ. मग बोलू.

आता तुझा हिशोब घेऊ. तू दर दोन तासांनी 120 मिली देतेस, दिवस-रात्र धरून दहा वेळा तरी होत असेल. म्हणजे 1200 मिली झालं. बाळ पाच किलोचं. वरच्या दुधावरच्या या वयाच्या बाळाला साधारण किलोमागे दिवसाला 150 मिली लागतं. म्हणजे त्याचं पोट साडेसातशेच्या आसपास मागतंय, आणि वर अंगावरचं मिळतं ते वेगळंच. पोट भरलं की ते उरलेलं परत करतं, त्याच्याकडे दुसरा मार्ग कुठला? सासूबाईंना वाटतं, रडला म्हणजे भूकच लागली. तसं नसतं. कधी झोप आलेली असते, कधी लंगोट ओला असतो, कधी नुसतं उचलून घ्यायला हवं असतं. तोंड फिरवलं, ओठ मिटले की बाटली बाजूला. तळाशी उरलं म्हणून ढोसू नकोस. डबा महाग आहे, जीव तुटतो, कळतं मला. पण तो घोट पोटात गेला तरी दुपट्यावरच येणार आहे.

दुसरं म्हणजे, दूध कालवतेस कसं? मागच्या आठवड्यात तुझ्याकडे आले तेव्हा बघत होते. तू आधी पावडर टाकलीस आणि मग खुणेपर्यंत पाणी ओतलंस. त्यानं दूध दाट होतं. आधी पाणी मोजायचं, मग पावडर. बहुतेक डब्यांवर 30 मिली पाण्याला एक सपाट चमचा असतो, तरी तुझ्या डब्यावर काय लिहिलंय ते वाच. चमचा त्याच डब्यातला, वरचा ढीग सुरीच्या पाठीनं सपाट केलेला, दाबून भरलेला नाही. आणि डबा पुरवायचा म्हणून अर्धा चमचा कमी, हे तर मुळीच नको. बाळ अशक्त होतं, रक्तातल्या क्षारांचा तोल जातो.

पाणी उकळून घे, भांड्यात ठेवलंस तर अर्ध्या तासाच्या आत वापर. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी कालवताना चांगलं गरम, निदान 70 अंश तरी असावं लागतं. मग बाटली गार पाण्याखाली धरून मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचं. रात्रीचं कालवून ठेवलेलं सकाळी देऊ नकोस. बाळाच्या तोंडाला लागलेली बाटली तासाभरात संपली नाही तर ओतून टाक. घरातले रातपाळीला गेलेले असताना एकटीनं अर्ध्या झोपेत हे सगळं करणं जिकिरीचं आहे, म्हणून उकळलेलं पाणी स्वच्छ थर्मासमध्ये भरून ठेव आणि पावडर ऐनवेळी घाल.

आणि ते बूच! सुई तापवून भोक कुणी मोठं केलं? बाटली उलटी धरली की थेंब थेंब पडायला हवं, धार नाही. धार लागली की बाळ घाईघाईनं गिळतं, दुधाबरोबर हवा गिळतं आणि ढेकर आली की दोन्ही बाहेर. बाटली जोरात हलवू नकोस, फेस होतो. अलगद गोल फिरव. खरं तर बाटलीपेक्षा आपलं वाटी-चमचा नाहीतर बोंडलं बरं, धुवायलाही सोपं. पाजताना त्याला थोडं उभट धर, मधेच थांबून ढेकर काढ, पाजून झालं की वीस मिनिटं खांद्यावर उभा ठेव. लगेच पाळण्यात घालून झोके नकोत. झोपताना मात्र पाठीवर, सपाट. उशी लावून तिरपं झोपवायचं नाही, मान वाकून श्वास अडकतो.

एवढं सगळं आठवडाभर करून बघ. मग डब्याचं बघू.

तुला वाटतंय, डब्यांमध्ये एखादा उलटी न होणारा असेलच. लहान बाळांचे साधे डबे एकमेकांच्या फार जवळचे असतात. गायीच्या दुधापासून केलेले, ठरलेल्या प्रमाणातले. आज हा, आठवड्यानं तो, असं केलंस तर कशानं काय झालं हे डॉक्टरलाही कळायचं नाही. जाहिरात बघून निवडायचा तर प्रश्नच नाही, आपल्याकडे 1992 च्या कायद्यानं या डब्यांच्या जाहिरातीवर बंदी आहे, 2003 मध्ये तो आणखी कडक केला. डब्यावर बाळाचं चित्रसुद्धा छापता येत नाही. फुकट नमुना कुणी हातात ठेवला तर घेऊ नकोस.

वेगळे डबे असतात, नाही असं नाही. एक घट्टसर असतो, दूध टाकणाऱ्या बाळांसाठी; त्यात तांदळाचं पीठ किंवा एक प्रकारचा डिंक असतो. त्यानं बाहेर येणं कमी होतं, पण घरच्या दुधात रवा किंवा पेज घालून तसं करायचं नाही. लॅक्टोज नसलेला डबा मेडिकलवाले सहज पुढे करतात, तो बहुधा जुलाबानंतर काही दिवसांपुरता लागतो. नुसत्या दूध टाकण्यावर त्याचा उपयोग होत नाही. आणि खरंच गायीच्या दुधाची ॲलर्जी असेल तर शीमध्ये रक्त किंवा चिकट आव, अंगावर खरखरीत लाल चट्टे, वजन अडकलेलं, पाजताना कळवळून रडणं, असं दिसतं. मग डॉक्टर प्रथिनं बारीक तोडलेला डबा दोन-चार आठवडे देऊन बघतात. तो महाग असतो, चवीला कडू असतो, स्वतःच्या मनानं आणण्यासारखा नाही. शेळीचं दूध चालेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस, ॲलर्जी असलेल्या बाळाला ते बहुतेकदा तितकंच बाधतं. तबेल्यातलं ताजं म्हशीचंही वर्षभर नको.

उद्या अंगणवाडीत जाऊन वजन करून घे. आशाताईला सांग, माता-बाल संरक्षण कार्डावर टिपा. वजनाची रेघ वर चढत असेल, दिवसातून सहा-सात वेळा लघवी होत असेल, तर टाकलेल्या दुधानं बाळाचं काही अडत नाही.

पण काही गोष्टींत थांबायचं नाही. उलटी हिरवी झाली, तर त्याच क्षणी निघ. आतडं अडलेलं असू शकतं. रक्त आलं, पोट फुगून टणक झालं, ताप आला, टाळू खोल गेली, लघवी कमी झाली, बाळ मलूल पडलं, तरी तसंच. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दोनेक महिन्यांपर्यंत, विशेषतः मुलग्यांमध्ये, दूध पिताच फवारा उडावा तशी उलटी आणि पुन्हा लगेच भूक, हेही पोटाच्या खालच्या तोंडाचं दुखणं असतं, छोट्या शस्त्रक्रियेनं बरं होतं. आपल्या शेलारहून भिवंडीचं इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय जवळ. पुढे पाठवलं तर परळचं वाडिया लहान मुलांचंच आहे, 1929 पासूनचं. रात्री गाडी मिळाली नाही तर 108 लाव. उलटीचे थेंब मेडिकलमधून मागून आणू नकोस, गुटी आणि मध दोन्ही आत्ता नको.

आणि अंगावरचं अजून येतंय ना? मग सोडू नकोस. बाटली आधी नाही, आधी छाती. बाळ जितकं ओढेल तितकं वाढतं, मधेच बंद पडलेलं दूधही पुष्कळदा परत येतं. 1989 मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सायनच्या रुग्णालयात आशियातली पहिली दूधपेढी काढली, अपुऱ्या दिवसांच्या, आजारी बाळांसाठी. तिथलं दूध घरी आणायला मिळत नाही, पण आईच्या दुधाचं मोल डॉक्टरांनाही किती वाटतं ते त्यावरून दिसतं. तू दर वेळी आधी छातीशी घे, पाणी पी, दुपारी झोप. सासूबाईंना मी समजावते, वजनाचं कार्ड हातात आलं की माझ्याकडे घेऊन ये.