उभ्या गाडीची पी.यू.सी.

हंगाम सरला की सेनगावात मालाची गाडी महिनोन्महिने उभी राहते. बॅटरी उतरते, ती काढून पुन्हा जोडली की बी.एस.-६ गाडीच्या कॉम्प्युटरमधील धूर-तपासणीची नोंद कोरी होते. मिस्त्रीकडून 'कोड' पुसून घेतल्यास तीच गत. पैसे फुकट! व्यापारी बंधूंना आमचा सल्ला असा : रात्रभर थंड राहिलेली गाडी सकाळी सुरू करून दोन-तीन मिनिटे जागेवरच चालू द्यावी. मग हिंगोली रस्त्याला एकसारख्या वेगाने वीस-पंचवीस मिनिटे न्यावी, अधूनमधून ॲक्सिलरेटर सोडून वेग उतरू द्यावा. दोन-तीन दिवस असे करावे.

पी.यू.सी. केंद्र ही नोंद पाहत नाही, नळीतला धूरच मोजते. तरी गाडी गरम असतानाच न्यावी, थंड कन्व्हर्टर धूर साफ करीत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने दंड १०,००० रुपयांपर्यंत गेला आहे.