विनोद आणि खाण्याचा आजार

खाण्याशी निगडित मानसिक आजार विनोदी कलाकृतीत यावा का? माइक ली या ब्रिटिश दिग्दर्शकाचा ‘लाइफ इज स्वीट’ (१९९०) हा चित्रपट पाहा. स्वयंपाकी वडील, हसतमुख आई आणि जुळ्या बहिणी असे हे घर. त्यांतील निकोला रात्री दाराआड आधाशासारखी चॉकलेटे खाते व मुद्दाम उलटी काढते. या आजारास ‘बुलिमिया’ म्हणतात. भिंतीपलीकडे बहीण नताली निमूटपणे ऐकत असते. तेथे प्रेक्षकाला हसू येत नाही. आपण हसतो ते वडिलांनी हौसेने घेतलेल्या मोडक्या खाद्यगाडीला, फार तर निकोलाच्या तिरसट बोलण्याला. तिच्या दुखण्याला नव्हे. हा विवेक असेल तर विषय वर्ज्य का मानावा? पुढे आई तिला खडसावते, तेव्हा कळते : उपासमारीने ही मुलगी एकदा मरणाच्या दारातून परतली आहे.