लोखंडाने खाल्लेली हवा

ताटलीत पाणी घ्यायचे, मधोमध मेणबत्ती पेटवायची आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा घालायचा. ज्योत विझते, पेल्यात पाणी चढते, आणि ‘हवेतील एक पंचमांश ऑक्सिजन जळून संपला’ असे विद्यार्थी वहीत लिहून मोकळे होतात. प्रयोग दिसायला सुरेख आहे, पण निष्कर्ष खरा नाही. ज्योतीमुळे हवा तापून प्रसरण पावलेली असते. ज्योत विझल्यावर ती निवते, आकुंचन पावते, आणि पाणी चढते ते मुख्यतः त्यामुळे. शिवाय संपलेल्या ऑक्सिजनची बरीचशी जागा ज्वलनातून निघालेला कार्बन डाय-ऑक्साइड घेतो. मेणबत्ती विझते तेव्हा आतल्या हवेत साधारण १६ टक्के ऑक्सिजन शिल्लकच असतो!

ऑक्सिजनचे प्रमाण खरोखरच मोजायचे असेल तर लोखंडाला कामाला लावावे. एक परीक्षानळी आतून ओली करा, तीत लोखंडाचा कीस टाकून नळी फिरवा म्हणजे कीस काचेला चिकटून बसेल. सैल राहिलेला कीस झटकून टाका आणि नळी पाण्याच्या भांड्यात उपडी उभी करा. तीन-चार दिवस तिला हात लावू नका. कीस तांबूस होत जाईल, पाणी हळूहळू चढेल आणि नळीच्या उंचीच्या सुमारे एक पंचमांशावर येऊन थांबेल. येथे ज्योत नाही, उष्णतेचा घोटाळा नाही. आतला ऑक्सिजन लोखंडाने खाल्ला, एवढेच. कीस मिठाच्या पाण्याने भिजवलात तर काम लवकर उरकेल. कोकणात पत्रे लवकर का गंजतात, हे त्यावरून ध्यानी येईल.

आता ‘खाल्ला’ म्हणजे काय झाले? पूर्वी ऑक्सिजनशी संयोग होणे यालाच ऑक्सिडीकरण म्हणत. आज आपण इलेक्ट्रॉनांचा हिशेब ठेवतो. जो इलेक्ट्रॉन गमावतो त्याचे ऑक्सिडीकरण होते, जो मिळवतो त्याचे क्षपण. देणाऱ्यावाचून घेणारा नाही, म्हणून या दोन क्रिया नेहमी जोडीने चालतात. सोडियम क्लोरिनमध्ये जळून मीठ बनते, तेथे ऑक्सिजनचा लवलेशही नसतो, तरी सोडियमचे ऑक्सिडीकरण झालेलेच असते. गंज तयार होताना लोखंडाचा प्रत्येक अणू शेवटी तीन इलेक्ट्रॉन देतो आणि ऑक्सिजनचा प्रत्येक अणू दोन घेतो. म्हणून दोन अणू लोखंडाला तीन अणू ऑक्सिजन लागतो. अणुभार ५६ आणि १६ धरले तर वजनाचे प्रमाण ११२ : ४८, म्हणजेच ७ : ३ येते.

मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. आकडे मांडल्यावाचून मला चैन पडत नाही. एक घनमीटर हवेत सुमारे २७० ग्रॅम ऑक्सिजन असतो. आता दोन मीटर लांब, रुंद आणि उंच अशी एक बंद लोखंडी टाकी घ्या. तळाशी थोडे पाणी आहे, भिंती ओलसर आहेत. आत ८ घनमीटर हवा, म्हणजे सुमारे २,१६० ग्रॅम ऑक्सिजन आहे. त्यातला निम्मा, १,०८० ग्रॅम, नाहीसा व्हायला किती लोखंड गंजावे लागेल? सातास तीन या प्रमाणाने सुमारे २,५०० ग्रॅम. ते टाकीच्या २४ चौरस मीटर पृष्ठभागावर सारखे पसरलेले आहे असे मानले, तर त्या थराची जाडी भरते केवळ ०.०१३ मिलिमीटर! डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा हा लहानसा अंश झाला. टाकीकडे पाहून कोणाला शंकाही येणार नाही, पण आत आता जेमतेम १२ टक्के ऑक्सिजन उरला आहे. बाहेर तो २१ टक्के असतो. १० टक्क्यांच्या खाली माणूस बेशुद्ध पडतो आणि ६ टक्क्यांच्या आसपास काही मिनिटांत दगावू शकतो.

जहाजांच्या बंद टाक्यांत आणि फार दिवस न उघडलेल्या बॉयलरांत माणसे मेली आहेत ती अशी. विषारी वायू नाही, वास नाही, धूर नाही. यातली भयंकर गोष्ट पुढेच आहे. आपल्याला गुदमरल्यासारखे वाटते ते ऑक्सिजन कमी झाला म्हणून नव्हे, तर मुख्यतः रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड साचला म्हणून. गंजलेल्या टाकीत उच्छ्वास नेहमीसारखा चालू असतो, कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडत राहतो, आणि म्हणून शरीर धोक्याची घंटा वाजवतच नाही. माणूस शिडी उतरतो आणि कोसळतो. त्याला पाहून दुसरा घाईघाईने आत उतरतो आणि तोही कोसळतो. मदतीला धावणाराच बळी पडतो, हे अशा अपघातांत पुन्हापुन्हा घडलेले आहे.

शरीराला ऑक्सिजन लागतो तो कशासाठी? लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने अठराव्या शतकातच ओळखले होते, की श्वसन हे एक मंद ज्वलन आहे. एक ग्रॅम ग्लुकोज जाळा किंवा पचवून वापरा, सुमारे १६ किलोज्यूल ऊर्जाच मिळणार. फरक आहे तो पायऱ्यांचा. पेशींतील तंतुकणिकांमध्ये अन्नातले इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे असे टप्प्याटप्प्याने सोपवले जातात, आणि शेवटी ते ऑक्सिजन घेतो व त्याचे पाणी होते. या साखळीतल्या सायटोक्रोम नावाच्या प्रथिनांत असते लोह! इलेक्ट्रॉन आला की ते फेरस होते, दिला की फेरिक, आणि हे अखंड चालते. रक्तातल्या हिमोग्लोबिनचे लोह मात्र वेगळ्या शिस्तीचे आहे. ते ऑक्सिजन वाहून नेते, पण तो सोडल्यावर फेरसचे फेरसच उरते. ते फेरिक होऊन बसले तर त्या रेणूला ऑक्सिजन वाहता येत नाही. नायट्रेट जास्त असलेले विहिरीचे पाणी तान्ह्या मुलाच्या दुधात वापरले तर हाच धोका असतो. मूल निळे पडू लागते.

धान्याचे दाणेही श्वास घेतात. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीतल्या पेवांत हळद साठवत असत. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ पेवे निकामी झाली. ज्वारीची पेवे तर अनेक गावांत होती. तोंड बंद केले की दाणे आणि किडे मिळून आतला ऑक्सिजन संपवतात, किडे मरतात आणि धान्य टिकते. तेच पेव उघडल्याबरोबर आत उतरणाऱ्याचा जीव घेते. म्हणून जुनी माणसे पेव उघडून बराच वेळ तसेच ठेवत आणि आधी कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर उतरायचे नाही, हे बरोबरच होते. पण कंदील विझला नाही म्हणजे हवा निर्धोक, असे मात्र नाही. हायड्रोजन सल्फाइड किंवा कार्बन मोनॉक्साइड कंदिलाला कळत नाही, आणि गटाराच्या भुयारात किंवा तेलाच्या टाकीत ज्योत सोडणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. आज कारखान्यांत ऑक्सिजन व इतर वायू मोजणारे यंत्र आधी आत सोडतात, पंख्याने हवा खेळवतात, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधतात, आणि बाहेर उभ्या असलेल्याने आत उडी घ्यायची नाही असा नियमच असतो.

लोखंडाच्या या भुकेचा उपयोगही करून घेतलेला आहे. हवाबंद पाकिटांतल्या खाद्यपदार्थांबरोबर ‘खाऊ नये’ असे छापलेली एक छोटी पुडी कधी कधी निघते. तशा पुष्कळ पुड्यांत लोखंडाची भुकटी आणि थोडे मीठ असते. पाकिटातला ऑक्सिजन ती भुकटी खाऊन टाकते आणि तळलेल्या पदार्थांना खवट वास येत नाही, कारण तेल खवट होणे हेही ऑक्सिडीकरणच. वापरून झालेली अशी पुडी मिळाली तर शिक्षकांच्या देखत कापून पाहा. आत करडी भुकटी आहे की तांबूस, आणि तिला चुंबक लावल्यावर काय होते, याची नोंद करा.