फिरत्या घरातील धूर व कार्बन मोनॉक्साइड सूचक यंत्रे : चाचणी आणि निगा

डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन व्यक्ती मृतावस्थेत आढळल्या. वाहनातील जनित्रातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरल्याने हे मृत्यू ओढवले, असे तपासात निष्पन्न झाले. महाराष्ट्र व केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाला चालना देणारी धोरणे आखली. त्यामुळे चाकांवरच्या घरातील सुरक्षितता हा आता केवळ परदेशी प्रवाशांचा विषय राहिलेला नाही. मोटार कॅराव्हॅनच्या प्रमाणीकरणासाठी आपल्याकडे एआयएस-१२४ हे वाहन उद्योग मानक आहे. मात्र प्रमाणपत्र वाहनाला मिळते. आत बसविलेल्या सूचक यंत्राची निगा वापरणाऱ्यालाच राखावी लागते.

कार्बन मोनॉक्साइड हा इंधनाच्या अपूर्ण ज्वलनातून निर्माण होणारा, रंग, वास व चव नसलेला वायू होय. रक्तातील हिमोग्लोबिनशी संयोग पावण्याची त्याची क्षमता प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक असते. त्यातून कार्बोक्सिहिमोग्लोबिन तयार होते आणि पेशींना होणारा प्राणवायूचा पुरवठा घटतो. स्वयंपाकाच्या गॅसची गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. येथे तशी सोय नाही. डोकेदुखी, मळमळ, थकवा ही आरंभीची लक्षणे प्रवासाच्या शिणवट्यासारखीच असल्याने पीडित व्यक्ती झोपून राहणे पसंत करते, आणि नेमके तेच घातक ठरते. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या खोलीत मृत्युमुखी पडले. खोलीत गॅसवर चालणारा हीटर होता. बंद खोली आणि ज्वलन यांची सांगड कोठेही धोक्याचीच असते. कॅराव्हॅनमध्ये हवेचे आकारमान कमी असल्याने वायूचे प्रमाण अधिक वेगाने वाढते.

धूरसूचक व कार्बन मोनॉक्साइड सूचक ही दोन निराळी यंत्रे आहेत. धूरसूचक हवेतील कण ओळखतो. प्रकाशीय प्रकारात धुराच्या कणांवरून विखुरलेला प्रकाश टिपला जातो, तर आयनीभवन प्रकारात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याच्या अल्प मात्रेचा उपयोग केला जातो. कार्बन मोनॉक्साइड सूचकात बहुधा विद्युत-रासायनिक घट असतो. वायूचे विद्युतअग्रावर ऑक्सिडीकरण होऊन त्याच्या प्रमाणात विद्युतप्रवाह निर्माण होतो. डोळ्यांना धूर न दिसताही हा वायू घातक पातळी गाठू शकतो. म्हणून एका यंत्राने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

युरोपात या सूचकांसाठी ईएन ५०२९१ हे मानक असून त्याचा दुसरा भाग पर्यटन-वाहने व नौका यांच्यासाठी आहे. घरगुती यंत्र कॅराव्हॅनमध्ये बसविण्यापेक्षा या भागानुसार प्रमाणित यंत्र घेणे इष्ट, कारण त्यात हादऱ्यांचाही विचार केलेला असतो. या मानकाप्रमाणे हवेत दशलक्षात ३०० भाग वायू असल्यास ३ मिनिटांच्या आत, १०० भाग असल्यास १० ते ४० मिनिटांत आणि ५० भाग असल्यास ६० ते ९० मिनिटांत इशारा मिळाला पाहिजे. ३० भाग असताना मात्र १२० मिनिटांपूर्वी भोंगा वाजू नये, अशीच अपेक्षा आहे. याउलट, भारताच्या २००९ च्या राष्ट्रीय वायुगुणवत्ता मानकांत कार्बन मोनॉक्साइडची आठ तासांची मर्यादा घनमीटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे दशलक्षात दोन भागांहूनही कमी आहे. हा विरोधाभास वरवरचा होय. पहिले मानक तीव्र विषबाधेपूर्वी जागे करण्यासाठी आहे, दुसरे दीर्घकालीन आरोग्यासाठी. यंत्र मौन आहे याचा अर्थ हवा शुद्ध आहे असा नव्हे.

चाचणीविषयीचा मोठा गैरसमज यंत्रावरील कळीभोवती आहे. कळ दाबल्यावर भोंगा वाजला की बॅटरी, मंडल व भोंगा ठीक असल्याचे सिद्ध होते. संवेदक वायू ओळखतो की नाही, हे बहुतेक यंत्रांत त्यावरून कळत नाही. तरीही कळ महिन्यातून एकदा, तसेच प्रत्येक प्रवासापूर्वी दाबावीच. संवेदकाची खरी परीक्षा ज्ञात प्रमाणातील वायूच्या चाचणी-संचाने होते. यंत्र जनित्राच्या धुराजवळ धरून पाहणे हा प्रकार अशास्त्रीय आहे, शिवाय त्याने संवेदक बिघडू शकतो. अशा स्थितीत वापरणाऱ्याच्या हाती उरणारी भरवशाची गोष्ट म्हणजे यंत्रावर छापलेली तारीख. धूरसूचक सामान्यतः दहा वर्षांनी बदलतात. कार्बन मोनॉक्साइड सूचकाची मुदत उत्पादकानुसार पाच ते दहा वर्षे असते. जुनी कॅराव्हॅन विकत घेताना आपण टायर पाहतो, ही तारीख क्वचितच पाहतो.

ठराविक अंतराने येणारा बारीक टिकटिक आवाज बॅटरी संपत आल्याचे किंवा मुदत संपल्याचे सुचवितो. त्याला कंटाळून, अथवा पोळ्या भाजताना धूरसूचक वाजतो म्हणून, बॅटरी काढून ठेवण्याची सवय फार धोक्याची आहे. धूरसूचक छतावर पण शेगडीपासून दूर बसवावा. कार्बन मोनॉक्साइडची घनता हवेपेक्षा किंचित कमी असून तो हवेत सर्वत्र मिसळतो, म्हणून त्याचा सूचक झोपण्याच्या जागेजवळ, उत्पादकाने सांगितलेल्या उंचीवर असावा. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्याने त्याचा सूचक तळाशी लागतो. धूळ मऊ ब्रशने झाडावी. सिलिकॉनयुक्त पॉलिश, रंग व सुगंधी फवारे यंत्राजवळ वापरू नयेत. हंगामाबाहेर वाहन उन्हात बंद उभे राहणार असेल, तर यंत्र सोसू शकेल अशी तापमानमर्यादा पुस्तिकेत पाहून घ्यावी.

भोंगा वाजल्यास प्रथम सर्वांनी बाहेर पडावे. ज्वलनाचे साधन वाटेतच हाताशी असेल तर बंद करावे; त्यासाठी आत थांबू नये. लक्षणे असलेल्या व्यक्तीला रुग्णालयात नेताना कार्बन मोनॉक्साइडची शंका डॉक्टरांना आवर्जून सांगावी. बोटाला लावण्याचे साधे ऑक्सिमीटर कार्बोक्सिहिमोग्लोबिन व प्राणवायुयुक्त हिमोग्लोबिन यांत भेद करू शकत नाही आणि विषबाधा असूनही आकडा सामान्य दाखवू शकते. निदानासाठी रक्ताची स्वतंत्र तपासणी करावी लागते.