द्राक्षमळ्यांतून जाणारा चढ

प्रस्तावना

रायपूर शहरातील सदर बाजार म्हणजे सराफांच्या पेढ्यांचा आणि कापडाच्या दुकानांचा गजबजलेला भाग. तेथून सायकल चालवणाऱ्याला माणसांची, हातगाड्यांची आणि स्कूटरींची अडचण होते. चढाची मात्र होत नाही. रायपूर हे छत्तीसगडच्या भातशेतीच्या मैदानात, समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटर उंचीवर वसले आहे. तेथे वाढलेल्या मुलाला खरा चढ कळतो तो बस्तरच्या वाटेवर, केशकाल घाटात बस वळणे घेऊ लागल्यावर. त्याच्या लेखी सायकल म्हणजे शाळेला, शिकवणीला किंवा दुकानावर जाण्याचे साधन. अशा मुलाला, मुद्दाम डोंगर शोधून त्यावर सायकल चढवणाऱ्या माणसांविषयी कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. विद्यार्थ्यांनो, या पाठात तुम्ही असाच एक रस्ता पाहणार आहात. तो नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांतून जातो आणि सप्तशृंगगडावर पोहोचतो.

मूळ पाठ

नाशिक शहर सुमारे 600 मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्व उतारावर आहे. शहरातून दिंडोरी रस्त्याने निघालेला सायकलस्वार वणी आणि नांदुरी ही गावे ओलांडून गडावर जातो. हे अंतर सुमारे 60 किलोमीटर आहे. थंडीच्या दिवसांत लोक पहाटेच्या अंधारातच निघतात. उजाडता उजाडता डावीकडे रामशेजचा किल्ला दिसू लागतो. सतराव्या शतकात मोगल फौजेला कित्येक वर्षे दाद न देणारा हा किल्ला लांबून एखाद्या साध्या टेकडीसारखा दिसतो. त्यानंतर दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव सुरू होतात.

मोटारीतून जाणाऱ्याला हे मांडव म्हणजे एक हिरवा पट्टा वाटतो. सायकलवरील माणसाला त्यातील ओळी वेगळ्या दिसतात, आणि चढ लागला की एकेक वेलही दिसू लागते. नाशिक भागात वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून वेलीला नव्या काड्या फुटू दिल्या जातात. पुढे ऑक्टोबरच्या सुमारास त्याच काड्यांची फळछाटणी होते आणि घड धरतो. इटलीतील वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते. नाशिकची वेल झोपत नाही, म्हणून शेतकऱ्याला कात्रीने तिचे वर्ष बांधून द्यावे लागते. जानेवारी ते मार्च हा तोडणीचा मुख्य हंगाम. दिवसाचे ऊन मण्यात साखर भरते आणि रात्रीचा गारवा त्यातील आंबटपणा टिकवतो. खाण्याच्या द्राक्षात थॉमसन सीडलेस आणि तिच्यापासून निवडलेल्या जाती अधिक आढळतात. वाइनसाठी लावलेली द्राक्षे निराळी: मणी लहान, साल जाड आणि आत बी. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात गंगापूर धरणाच्या परिसरात अशा जातींची लागवड झाली आणि 2000 साली तेथील सुला या कंपनीची वाइन बाजारात आली. पुढे या खोऱ्यातील वाइनला ‘नाशिक व्हॅली’ या नावाने भौगोलिक मानांकनही मिळाले. वाइन प्यावी की न प्यावी, हा या पाठाचा विषय नाही. वेलीच्या मुळांशी पाणी साचू न देणारी उतरती, मुरमाड जमीन तिला मानवते, आणि तोच उतार सायकलस्वारालाही हवा असतो, एवढेच येथे लक्षात घ्यावे.

नांदुरीला घाट सुरू होतो. तेथून गडापर्यंत सुमारे 10 किलोमीटर चढ आहे. येथे डोंगरी सायकलीचे वैशिष्ट्य उपयोगी पडते. ही सायकल 1970 च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात काही तरुणांच्या खटाटोपातून आकाराला आली. जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावरील कच्च्या वाटांनी खाली सोडण्याचा त्यांना छंद होता. त्यांनी पुढे त्या सायकलींना मजबूत ब्रेक आणि गिअर बसवले. समजा, पायडलजवळच्या दातेरी चक्राला 22 दाते आहेत आणि मागच्या चक्राला 34. अशा वेळी पायडलचा एक फेरा पूर्ण होतो, तेव्हा मागचे चाक फेऱ्याच्या दोनतृतीयांशाहून थोडे कमीच फिरते. सायकल सव्वा मीटरहून किंचित अधिक पुढे सरकते. म्हणजे 10 किलोमीटरच्या घाटात पायडल सुमारे साडेसात हजार वेळा फिरवावे लागेल! गिअरमुळे श्रम कमी होतात अशी अनेकांची समजूत असते. ती चुकीची आहे. एकूण काम तेवढेच राहते. ते लहान लहान हप्त्यांत वाटून दिले जाते, इतकेच.

ते काम किती, याचा हिशेब करता येतो. सायकल आणि स्वार मिळून 80 किलोग्रॅम वजन 500 मीटर उंच न्यायचे आहे असे धरा. 80, 9.8 आणि 500 यांचा गुणाकार 3 लाख 92 हजार ज्यूल, म्हणजे सुमारे 94 किलोकॅलरी. माणसाचे स्नायू अन्नातील ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कामात आणतात, बाकीची उष्णता होऊन जाते. तेव्हा शरीराला पावणेचारशे किलोकॅलरी खर्चाव्या लागतील. ज्वारीच्या दोन मोठ्या भाकऱ्यांत हा खर्च भागतो. घाटात खरी कसोटी लागते ती श्वासाची. भुकेची पाळी त्यानंतर येते.

उतरताना मात्र वेगळेच संकट असते. या घाटात मोठे अपघात झालेले आहेत. सायकलस्वाराने पुढचा ब्रेक एकाएकी दाबला तर तो हँडलवरून पुढे फेकला जातो. नुसता मागचा दाबला तर चाक घसरते. म्हणून शरीराचा भार मागे घेऊन, वळणाच्या आधीच, दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत वेग उतरवावा लागतो. चैत्रातील यात्रेच्या दिवसांत तर हा रस्ता पायी चालणाऱ्या भाविकांचा असतो. त्या दिवसांत सायकल घेऊन तेथे न गेलेले बरे.

नाशिकच्या सायकलस्वारांचे नाव देशाबाहेरही पोहोचले आहे. 2015 साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे 4,800 किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या संघाने, आळीपाळीने सायकल चालवत, नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. 2017 मध्ये सैन्यदलातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पार केली आणि पाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही. विक्रम वर्तमानपत्रांत येतात आणि लक्षात राहतात. ज्या रस्त्यांवर गावोगावचे सायकलस्वार रोज सकाळी घाम गाळतात, त्या रस्त्यांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

इटलीत असे लक्ष गेले. फ्लॉरेन्स आणि सिएना या शहरांच्या मधला कियांती हा डोंगराळ प्रदेश द्राक्षमळ्यांसाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे; 1716 सालीच तेथील राज्यकर्त्याने फर्मान काढून या वाइनच्या प्रदेशाच्या सीमा ठरवून दिल्या होत्या. मळ्यांना जोडणारे तेथील जुने रस्ते पांढऱ्या खडीचे आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांवर भराभर डांबर पडू लागले. ते रस्ते वाचवावेत म्हणून जानकार्लो ब्रोक्की यांनी 1997 साली गाइओले या गावी ‘लेरोइका’ नावाची सायकलफेरी सुरू केली. जुन्या बनावटीच्या सायकली घेऊन पहिल्या वर्षी 92 जण आले. पुढे ही संख्या हजारांवर गेली, 2007 पासून त्याच पांढऱ्या रस्त्यांवर व्यावसायिक सायकलपटूंची शर्यतही होऊ लागली आणि खडीचा रस्ता हीच त्या मुलखाची ओळख बनली.

मग नाशिकच्या सायकलस्वारांनीही बागांमधील मुरमाच्या पाणंदी तशाच राखा, असे का म्हणू नये? डोंगरी सायकलीचे जाड टायर त्यांच्यासाठीच तर बनलेले असतात. डांबरी रस्ता सोडून तांबूस पाणंदीत शिरले की वाहनांचा आवाज मागे पडतो आणि फवारणीच्या पंपाचा आवाज, पाखरांची किलबिल, तोडणी करणाऱ्या बायकांचे बोलणे ऐकू येऊ लागते. या वाटा हरवू नयेत असे कोणालाही वाटेल.

परंतु त्याच पाणंदीतून द्राक्षांनी भरलेले क्रेट न्यायचे असतात. द्राक्षाच्या मण्यावर पांढुरकी झळाळी असते. घड एकमेकांवर घासले की ती पुसली जाते, मणी देठापासून सुटतात आणि मालाचा भाव पडतो. रस्त्यालगतच्या ओळींवर धुळीचा थर बसतो. अवेळी पाऊस झाला की चिखलातून गाडी निघत नाही, आणि पिकलेला मणी थांबत नाही. नोव्हेंबर 2023 च्या अखेरीस गारपिटीने निफाड तालुक्यातील बागा झोडपल्या, तेव्हा काही मिनिटांत वर्षाची मेहनत जमिनीवर आली. अशा जोखमीत जगणाऱ्या शेतकऱ्याला पक्का रस्ता हवा असतो. महाराष्ट्रात 2021 मध्ये ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत, पाणंद रस्ते योजना’ सुरू झाली, ती बारमाही रस्त्यांच्या याच गरजेतून. रविवारच्या दोन तासांसाठी आलेल्या पाहुण्याला जी वाट रम्य वाटते, ती रोज तुडवणाऱ्याला तशी वाटेलच असे नाही.

पाणंदीत समोरून ट्रॅक्टर आला की जाणता सायकलस्वार उतरून बाजूला उभा राहतो. फवारणी चालू असलेल्या बागेजवळ तो थांबत नाही आणि घडाला हात लावत नाही. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांतील औषधांच्या अंशाची प्रयोगशाळेत तपासणी होत असल्याने ही बाग शेतकऱ्याने किती हिशेबाने सांभाळलेली असते, हे त्याला ठाऊक असते. ट्रॅक्टर पुढे जातो. धूळ खाली बसेपर्यंत तो थांबतो, हलका गिअर टाकतो आणि पुन्हा चढाला लागतो.

स्वाध्याय

गिअरमुळे एकूण श्रम कमी होत नाहीत, हे पाठातील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा. स्वतःचे आणि सायकलीचे वजन धरून 200 मीटरच्या चढासाठी लागणाऱ्या कामाचा हिशेब मांडा. पाणंदीवर डांबर टाकण्याचा ठराव ग्रामसभेपुढे आला आहे अशी कल्पना करून द्राक्षबागाईतदार आणि सायकलस्वार यांच्यातील संवाद दहा-बारा वाक्यांत लिहा. दोघांपैकी कोणालाही मूर्ख ठरवू नका. तुमच्या परिसरातील एखाद्या रस्त्यावरून एकदा वाहनाने आणि एकदा सायकलने किंवा पायी जा आणि दुसऱ्या वेळी नव्याने दिसलेल्या गोष्टींची नोंद करा.